जीवशास्त्राच्या पेपरात रबरी बुश

धोंडिबाने कॅल्क्युलेटर साहेबरावच्या हातावर ठेवला, पण स्वतःची दोन बोटं मात्र त्याच्यावरून उचलली नाहीत.

"हे बघ साहेबराव, बाकीची बटणं कशी बी बडव. पण ह्या एमच्या वाटंला जाऊ नको. समदा स्टॉक त्याच्यात हाय."

"नाय जाणार, धोंडिबाभाऊ."

"पोरीला बी सांग."

"सांगतो."

"शपथ घे."

साहेबरावने गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली, तेव्हा कुठे ती दोन बोटं उचलली गेली.

धोंडिबाच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. वाळूजच्या त्या कारखान्यात स्कूटरला लागणारे रबरी बुश तयार होत. बुश म्हणजे अंगठ्याएवढी, मधे भोक असलेली रबराची गुंडी. असे हजारो बुश खोक्यांत भरून धोंडिबाच्या ताब्यातल्या गोदामात येत आणि तिथून पुढे जात. पूर्वी त्यांची नोंद वहीत असे. पण एक वही तेलात भिजली, दुसरी उंदरांनी खाल्ली आणि धोंडिबाचा कागदावरून विश्वासच उडाला. मग कंपनीने खात्याला कॅल्क्युलेटर दिला. यंत्र बंद केलं तरी त्याच्या 'एम' नावाच्या कप्प्यातला आकडा जात नाही, हे कुणीतरी धोंडिबाला दाखवलं. त्या दिवसापासून माल आला की एम अधिक, माल गेला की एम वजा. महिनाअखेरीला मॅनेजर साहेब येत, धोंडिबा ऐटीत एक बटण दाबी आणि साहेब आकडा लिहून घेत. धोंडिबा पैठणकडच्या धनगर घरातला. त्याचा बाप दोनशे मेंढ्या नुसत्या नजरेने मोजायचा म्हणे. मुलाने नजरेचं काम एमकडे सोपवलं होतं, इतकाच फरक.

असं लाखमोलाचं यंत्र धोंडिबाने एका दिवसासाठी का होईना दुसऱ्याच्या हाती द्यावं, याला कारण साहेबरावची अडीच वर्षांची चाकरी. ही अडीच वर्षं साहेबराव टेंपररी होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा सात महिने. या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मॅनेजर साहेब स्टॉकचा आकडा घ्यायला येणार होते आणि त्याच वेळी खात्यातल्या कुणाला कायम करायचं, हे धोंडिबाला विचारणार होते. जागा एक होती आणि उमेदवार दोन. धोंडिबा साहेबरावचं नाव घेणार होता, पण शनिवार संध्याकाळपर्यंत त्याचं मन फिरू नये एवढी काळजी घेणं साहेबरावला भाग होतं.

आणि नेमका त्याच वेळी आवडाला कॅल्क्युलेटर हवा होता. आवडा ही त्याची मुलगी, छावणीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावी सायन्सला. तिथले जीवशास्त्राचे नानासाहेब सर मोठे हौशी गृहस्थ. शहराभोवती एवढे कारखाने उभे राहत असताना आपल्या विषयाने बेडूक कापत बसावं, हे त्यांना पटेना. त्यांनी पूर्वपरीक्षेच्या पेपरात गणितं घातली आणि कॅल्क्युलेटर आणायला परवानगी दिली. वर तो कसा वापरायचा यावर एक अख्खा तास घेतला.

"आधी सूत्र लिहा," सर म्हणाले होते. "मग मनात अंदाज करा. बटण सगळ्यात शेवटी. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, हा अंदाज ज्याला आहे त्याला यंत्राने दहा ठोके दाखवले तर कळेल की चूक बोटाची आहे, हृदयाची नाही."

आवडाने हे घरी जसंच्या तसं सांगितलं होतं. साहेबरावला ते फार आवडलं आणि दोन दिवस तो चहात साखर घालतानासुद्धा आधी अंदाज करत होता.

पेपर खरं म्हणजे गुरुवारी होता. गुरुवारी गोदामात माल येत नसे आणि जातही नसे, त्यामुळे कॅल्क्युलेटर नुसता पडून असे. साहेबरावने त्या दिवशी रजाही टाकली होती. पण विद्यापीठाच्या नामांतरासाठी बुधवारी अचानक बंदची हाक आली आणि पेपर शनिवारवर गेला. बंद आपलाच असल्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती. साहेबराव स्वतः निळा झेंडा खांद्यावर घेऊन क्रांती चौकापर्यंत चालत गेला आणि घसा बसवून घरी आला. पुतळाबाई, म्हणजे त्याची बायको, त्याला गूळपाणी देत म्हणाली, "नाव तर बदलंलच एक दिवस. पण तवा आपली पोरगी आत शिकायला पाहिजे. बारावीतच अडकली तर बाहेरूनच पाटी वाचावी लागंल तिला."

तेव्हा आता शनिवारी सगळं एकावर एक आलं होतं. साडेदहा ते दीड पेपर. दोन वाजता नगर नाक्यावरून कंपनीची बस. तीनला पाळी आणि तेव्हाच गोदाम उघडणार, पाचला मॅनेजर साहेब. बोटांवर मोजलं तर सगळं नीट बसत होतं.

शुक्रवारी कॅल्क्युलेटर गेटमधून बाहेर पडला तो जेवणाच्या डब्यातून, उरलेल्या अर्ध्या भाकरीखाली. कंपनीची वस्तू बाहेर न्यायला पास लागतो आणि पास मागितला तर कारण सांगावं लागतं. घरी आल्यावर साहेबरावने बटणांतली चटणी काडीने काढली. मग शपथेची आठवण होऊन एमच्या तिन्ही बटणांवर जखमेला लावायची चिकटपट्टी घट्ट दाबून बसवली.

"पप्पा, हे काय?" आवडाने विचारलं.

"तिथं हात लावायचा नाय. तिथं माझी नोकरी हाय."

शनिवारी साहेबराव कॉलेजच्या फाटकाबाहेर सायकल घेऊन उभा राहिला. पेपर सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला असेल, तोच शिपाई बाहेर आला.

"आवडाचे वडील तुम्हीच का? चला आत. तुमच्या पोरीजवळ कॉपी सापडली."

आवडा आणि कॉपी हे दोन शब्द साहेबरावने आजवर एकत्र ऐकले नव्हते. तो शिपायामागून जवळजवळ पळतच वर्गाच्या दाराशी पोचला.

वर्गावर मालन मॅडम होत्या. त्या मराठी शिकवत आणि कॉपी पकडत, आणि दुसऱ्या कामात त्यांचं नाव जास्त होतं. कॅल्क्युलेटरवर चिकटपट्टी दिसल्याबरोबर त्यांनी तिच्याखाली चिठ्ठी असणार हे ओळखलं होतं. पट्टी उपटल्यावर चिठ्ठी निघाली नाही, पण बटणं निघाली, आणि त्यांतलं एक दाबल्यावर अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ हा आकडा उजळ माथ्याने समोर आला. फळ्यावर नानासाहेब सरांनी सकाळीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'कॅल्क्युलेटरच्या मेमरीत काहीही साठवलेले नसावे.'

"हा आकडा कशाचा?" मॅडमनी विचारलं.

"बुशचा, मॅडम."

"कुठल्या धड्यातला?"

"धड्यातला नाय. वाळूजचा हाय."

तेवढ्यात नानासाहेब सर आले. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि थोडा वेळ छताकडे बघितलं.

"अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ. मानवी शरीरात या आकड्याचं काही नाही. केस म्हणावेत तर ते लाखभर असतात."

"सर, ते स्कूटरचं हाय."

"स्कूटर आपल्या अभ्यासक्रमात नाही," सर मॅडमना म्हणाले. "तेव्हा ही कॉपी नव्हे. पण नियम तो नियम. एम रिकामा करावा लागेल."

"सर, ते पुसलं तर माझी नोकरी जाईल."

"आणि नाही पुसलं तर मला हिचा पेपर काढून घ्यावा लागेल. बाकीची मुलं बघताहेत."

वर्गातली पन्नास डोकी खरोखरच बघत होती. आवडा बाकाजवळ उभी होती, हातात पेन तसंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं नव्हतं, पण यायला फार वेळ नव्हता. साहेबरावने मनातल्या मनात हिशोब केला. नोकरी काय, अडीच वर्षं टेंपररी होतीच, आणखी अडीच राहील. पोरीची बारावी मात्र टेंपररी ठेवून चालणार नव्हती.

"पुसा," तो म्हणाला.

"अहो, आकडा लिहून घ्या की," मालन मॅडम म्हणाल्या. पकडापकडी संपल्यावर त्या अगदी मायाळू असत.

पण परीक्षेच्या वर्गातून कागद बाहेर न्यायला मनाई. शेवटी आवडाने उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर, कच्च्या कामाच्या जागी, आकडा लिहून ठेवला आणि साहेबरावने तो पाठ केला. सरांनी बटण दाबलं. एममध्ये शून्य उरलं.

"अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ, अठ्ठेचाळीस हजार दोनशे साठ," असं पुटपुटत साहेबराव फाटकाबाहेर आला. खिशात ना पेन ना कागद, तेव्हा दोन तास फक्त एवढंच म्हणत राहायचं होतं. अर्धा तास त्याने ते चोख केलं. मग शेजारी रिक्षा लावून बसलेला एक इसम हळूच जवळ सरकला.

"क्या भाई, बहुत देर से सुन रहा हूँ. कौनसे बाजार का नंबर है?"

"बाजाराचा नाय. बुशचा हाय."

"ये नया मटका निकला क्या? हमकू बी बताओ ना. चार, आठ, दो, छे... और फिर?"

"तसं नाय. अठ्ठेचाळीस हजार..."

"चार के बाद छे है के आठ? ओपन में छे लगाऊँ?"

"छे नाय हो. आठ. मग सहा... मग दोन..."

साहेबराव थांबला. त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा थांबला. अठ्ठेचाळीस हजार जागेवर होते. पुढचं मात्र त्या रिक्षावाल्याने कालवून टाकलं होतं. दोनशे साठ, सहाशे वीस, दोनशे सहा, सगळेच सारखेच ओळखीचे वाटायला लागले. रिक्षावाला मात्र खूश होऊन निघून गेला.

दीड वाजता आवडा हसत बाहेर आली. "पप्पा, पेपर लई सोपा गेला. मॅडमनं यंत्र नेलं तवा समदी गणितं म्या हातानंच केली. मग यंत्रावर नुसता ताळा बघितला."

"आपला आकडा किती होता गं?"

आवडाचं हसू थांबलं. "पप्पा, आज म्या किती आकडे लिहिले. हृदयाचे ठोके एक लाख तीन हजार सहाशे ऐंशी. रक्त सात हजार दोनशे लिटर. तुमचे अठ्ठेचाळीस हजार... पुढचं मागच्या पानावर हाय. पण तुम्हाला तर पाठ होतं ना?"

दोघंही नानासाहेब सरांकडे धावले. सरांनी आपुलकीने ऐकून घेतलं आणि हात वर केले. गठ्ठ्याला लाखेची मोहोर लागली होती, गठ्ठा प्राचार्यांच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली घेऊन प्राचार्य लग्नासाठी पैठणला गेले होते.

साहेबराव जिवाच्या आकांताने नगर नाक्याकडे सायकल मारत होता. मागे कॅरियरवर बसलेली आवडा मात्र विचार करत होती.

"पप्पा, गोदामात खोकी किती असतील?"

"शंभराच्या वर. अन् एकेकात शेकड्यानं बुश. दोन तासांत मोजून व्हतेत का?"

"समदे कशाला मोजायचे? आमचा पाचवा प्रश्न हाच होता. कुरणात गवताची रोपं किती. सर म्हणतात, कुरण कुणी मोजत नाय. पाच ठिकाणी चौकोन टाकायचे, तेवढ्यातली रोपं मोजायची, सरासरी काढायची आणि गुणायची."

"गवत निराळं, रबर निराळं."

"मोजणाऱ्याला काय फरक पडतो? फक्त खोकी निवडून घेऊ नका. वरचं, खालचं, मधलं, हाताला येईल ते."

तीन वाजता साहेबराव गोदामात शिरला, तेव्हा धोंडिबा सुदैवाने मशीनवाल्यांशी भांडायला गेला होता. साहेबरावने खोकी मोजली. एकशे अठरा भरली. मग हाताला येतील तशी पाच खोकी काढून एकेक बुश मोजला. तीनशे बावन्न, तीनशे सत्तेचाळीस, तीनशे पन्नास, तीनशे एकोणपन्नास, तीनशे बावन्न. सरासरी बरोबर तीनशे पन्नास आली. अंदाज आधीच केलेला होता, अठ्ठेचाळीस हजारांचा. आता त्याने बटण दाबलं.

एक्केचाळीस हजार तीनशे.

सरांच्या शिकवणीप्रमाणे चूक बोटाची होती. त्याने बोट पुसून पुन्हा गुणाकार केला. तेच उत्तर आलं. मग त्याने आणखी पाच खोकी काढून मोजली आणि सरासरी पुन्हा तीनशे पन्नासाच्याच घरात राहिली. सात हजार बुश कुठे गेले? एममध्ये अठ्ठेचाळीस हजार काहीतरी घालून गप्प बसणं सोपं होतं. पण उद्या कुणी खोकी उघडली आणि सात हजार कमी भरले, तर चोर म्हणून पहिलं नाव टेंपररी माणसाचंच येणार होतं. आणि जे डोळ्यांनी मोजलं ते सोडून भलतंच लिहायचं, हे त्याच्याच्याने होईना. त्याने एक्केचाळीस हजार तीनशे एममध्ये घातले आणि धोंडिबाला सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

"धोंडिबाभाऊ, जरा बाजूला या," धोंडिबा दारात दिसताच तो म्हणाला.

"नीट हाय ना यंत्र? दे इकडं. साहेब आले बघ."

साहेब अर्धा तास लवकर आले होते. धोंडिबाने यंत्र छातीजवळ धरलं, घसा साफ केला आणि नेहमीच्या ऐटीत बटण दाबलं. आकडा बघून त्याची ऐट जागच्या जागी विरली. त्याने पुन्हा दाबलं. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"एक्केचाळीस... हजार... तीनशे," धोंडिबा म्हणाला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"चला, जमलं एकदाचं," साहेब खूश होऊन म्हणाले. "गेटवरच्या नोंदीप्रमाणे एक्केचाळीस हजार तीनशे वीस येतात. गेले दोन महिने तुम्ही हजारोंनी जास्त सांगत होतात. सोमवारी मी चौकशीच लावणार होतो. शोधलंत कसं?"

धोंडिबाने साहेबरावकडे बघितलं. आता गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. पण साहेबरावला घशात अडकलेलं काही गिळता येत नसे. त्याने सगळं सांगितलं, डब्यातल्या भाकरीपासून कुरणातल्या गवतापर्यंत. सांगून झाल्यावर आपली अडीच वर्षं पाण्यात गेली याविषयी त्याच्या मनात शंका उरली नाही.

"पण मग जास्तीचे आले कुठून?" साहेबांनी धोंडिबाला विचारलं.

धोंडिबाने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "साहेब, माझे हात तेलकट. बटण लागलं का नाय, कळत नाय. म्हणून शंका आली की म्या अजून एकदा दाबतो."

"माल आला की?"

"व्हय."

"आणि माल गेला की?"

"तवा शंका येत नाय, साहेब."

साहेबांनी तोंड फिरवून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग ते साहेबरावकडे वळले.

"कंपनीची वस्तू पासशिवाय बाहेर नेलीत."

"व्हय साहेब. चुकलं."

"पुन्हा नेऊ नका. धोंडिबा, कायम कुणाला करायचं?"

धोंडिबाची चौकशी सोमवारी लागायची ती ज्याच्यामुळे टळली, त्याचं नाव घ्यायला त्याला वेळ लागला नाही. साहेबांनी यादीवर सही केली. साहेबरावला एकदम रडूच आलं आणि ते लपवायला तो खोकी सरळ करायला लागला.

"मात्र एक," साहेब जाता जाता म्हणाले. "माझा जीवशास्त्रावर एवढा विश्वास नाही. उद्या रविवार आहे, माल हलणार नाही. दोघांनी मिळून सगळे बुश एकेक करून मोजा."

संध्याकाळची ती पाळी साहेबरावने तरंगतच काढली. बातमी ऐकून पुतळाबाईने गोड शिरा केला, आणि आवडाने सांगितलं की रविवारी मोजताना शंभराशंभराचे ढीग करा.

धोंडिबाने ढीग करू दिले नाहीत. त्याचा आता कागदावर विश्वास नव्हता, यंत्रावर नव्हता आणि बारावीच्या पोरीवरही नव्हता. दोघं पोत्यावर बसून सकाळपासून मोजत होते. साहेबराव बुश टाकी, धोंडिबा मोठ्याने आकडा म्हणे. दुपारी वॉचमन चहा घेऊन आला आणि किती झाले म्हणून त्याने सहज विचारलं. धोंडिबाने सांगायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

"साहेबराव, किती झाले रे?"

"आकडा तुम्हीच म्हणत व्हते."

"एकोणीस हजार व्हते का? का सतरा?" धोंडिबाने समोरचा बुशांचा डोंगर बघितला आणि आवाज खाली आणला. "जाऊ दे. अंदाजानं एकोणीस धरू. कुणाला कळतंय?"

साहेबरावने चहाचा कप घेतला, पोत्याला सावकाश पाठ टेकली आणि पाय लांब पसरले. अडीच वर्षांत या कारखान्यात त्याने पाय असे कधी पसरले नव्हते.

"नाय धोंडिबाभाऊ, पहिल्यापासून मोजू," तो म्हणाला. "मला काय घाई हाय? म्या आता कायम हाय."